जवसाचं तेल आणि ओसरीचा कोपरा

माझ्या लग्नात रुखवतावर लाडू-करंज्यांच्या शेजारी एक लाकडी पेटी मांडलेली होती. बायका ती उघडायच्या, आतल्या नळ्या बघायच्या आणि झाकण हळूच पुन्हा लावायच्या. 'औषधं दिसतात,' असं कुणीतरी म्हणालं आणि नवरी आजारी आहे की काय, ही कुजबुज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली. पेटीत तैलरंग होते. माझे वडील बुलडाण्याला शाळेत चित्रकला शिकवायचे. लेकीला सासरी जाताना काय द्यावं, तर आपल्याला जे सगळ्यांत आवडतं ते द्यावं, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता.

सासर देऊळघाटचं. धाब्याचं घर, पुढे शेणानं सारवलेली ओसरी, ओसरीपुढे अंगण, आणि गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा. आमचे 'हे' रोज सायकलीनं बुलडाण्याला कचेरीत कारकुनी करायला जायचे. मळा बघायचे ते माझे सासरे, म्हणजे मामंजी. आणि घर, मळा, मामंजी, हे आणि आता मी, या सगळ्यांना बघायच्या त्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. महाराष्ट्र नुकता झाला होता, पण आमच्या घरात राज्य कुणाचं हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी निकालात निघालेला होता.

वडिलांची शिकवण एका वाक्याची होती : रंग रेषेबाहेर गेला की गेला. आधी कागदावर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी कापडावर आखायच्या, आणि एकेका चौकटीतला ऐवज जपून इकडून तिकडे न्यायचा. कुंचला धुवायचा, पुसायचा, पुन्हा धुवायचा. चित्र काढणाऱ्याची नखं बघून तो चित्र काढतो हे कळता कामा नये. मी त्यांची सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी होते, आणि ते माझ्या नखांमुळेच, असं आता वाटतं.

मी काढायची काय, तर कॅलेंडरावरचे देखावे. निळंशार तळं, काठावर लाल छपराचं घर, मागे बर्फाचे डोंगर आणि तळ्यात हंसांची जोडी. हंस मी कधी पाहिला नव्हता. बर्फ पाहिला होता, तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

सासरी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा टर्पेंटाइनचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "घर हाये का दवाखाना हाये वं?" त्यांनी विचारलं. मी चित्र काढायला बसलेय, असं घाबरत सांगितलं. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, आदल्याच दिवशी सारवलेल्या ओसरीकडे पाहिलं, आणि मामंजी नि हे दोघंही तिथंच आहेत याची खात्री करून निकाल दिला : "काढ चित्र. मी नाई म्हनत नाई. पन माह्या सारवनावर एक ठिपका जरी दिसला ना, त्या दिवशी हे पेटी माळ्यावर जाईन. मंग मले कोनी काई म्हनायचं नाई."

ही नुसती धमकी नव्हती, हे कळायला वांग्यांची गोष्ट माहीत असायला हवी. मी घरात येण्याआधी एकदा मामंजींनी पानावर बसून वांग्याच्या भाजीला नाव ठेवलं होतं. तुम्ही हात जोडून मागाल तेव्हाच आता या घरात वांगं शिजेल, असं आत्याबाई तिथल्या तिथे म्हणाल्या. मामंजीही काही कमी नव्हते. मळ्यात वांगी लगडलेली, टोपल्या भरभरून बाजारात जाताहेत, आणि घरात अख्खा हंगाम वांगं शिजलं नाही. शेवटी मामंजींनी हात जोडले तेव्हा साऱ्या आळीनं ते पाहिलं. आत्याबाईंचा शब्द म्हणजे असा. आणि माळ्यावर गेलेली वस्तू त्या घरात कुणाच्या तरी लग्नालाच खाली यायची.

मग मी भीत भीत रंगवायला लागले. ओसरीच्या कोपऱ्यात खाली बारदान, त्यावर जुनी वर्तमानपत्रं, कमरेला फडकं. कुंचल्यावर रंग घेतला की त्याच्याखाली डावा तळहात धरून तो कापडापर्यंत न्यायची, बाळाला चमच्यानं औषध नेतात तसा. ठिपका कुठेच पडत नव्हता. चित्रातही काही पडत नव्हतं. तळं तळ्याच्या जागी, हंस हंसांच्या जागी, सगळं नीटनेटकं आणि निपचित. हे म्हणायचे, "हुबेहूब कॅलेंडर!" मला बरं वाटायचं, आणि भाकरी थापताना त्याच शब्दांचा राग यायचा. खरं सांगायचं तर रंगवताना मला जांभया यायच्या. पेटी माळ्यावर जाऊ नये म्हणून मी जीव टाकत होते, आणि पेटीत असं काय आहे की तिच्यासाठी जीव टाकावा, तेच मला समजेनासं झालं होतं.

अशातच तेल संपलं. तैलरंगात कालवायचं तेल जवसाचं असतं. वडिलांनी दिलेली बाटली रिकामी झाली, आणि अकोल्याहून दुसरी कधी येणार कुणास ठाऊक. पण आमच्या वऱ्हाडात जवसाला काय तोटा? जवसाची चटणी रोज पानात, आणि घाण्याचं तेल डब्यात. तेल ते तेल, असं म्हणून मी डब्यातलं वाटीभर ओतून घेतलं. आत्याबाईंनी ते पाहिलं.

"खायाचं तेल फडक्याले पाजून राह्यली का?"

"चित्राला लागतं, आत्याबाई. जवसाचंच असतं."

"आँ? त्या फिरंग्याच्या तळ्याले आपलं जवस लागते?" त्यांना याची इतकी गंमत वाटली की तेल परत मागायचं त्या विसरल्या.

ते चित्र काही वाळेना. आठवडे गेले तरी बोट लावलं की निळं. तळ्यावर माश्या चिकटल्या, त्या सुईनं काढायचं एक नवं काम माझ्यामागे लागलं. ह्यांच्याकरवी वडिलांना विचारलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला म्हणे. बाटलीतलं तेल शुद्ध केलेलं असतं, घाण्याचं कच्चं तेल रंगात घातलं की ते रुसून बसतं. आता उन्हात ठेवा आणि वाट बघा.

ऊन हवं होतं तर वैशाख लागलेलाच होता. अंगणात वाळवणं सुरू झाली होती. भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, कुरडयांचा दिवस ठरला. आत्याबाईंनी आपण होऊन परवानगी दिली. "आन तुझं तळं अंगनात. कुरडया वाळतेत, पापड वाळतेत, ते काऊन नाई वाळनार?" बाजांवर धुतलेली धोतरं अंथरली होती, त्यांच्या शेजारी लिंबाच्या सावलीबाहेर मी स्टुलावर चित्र टेकवून ठेवलं.

कुरडया करणं म्हणजे चुलीवरून उतरलेल्या उकळत्या चिकाशी झोंबी. गार झाला की चीक घट्ट होतो आणि सोऱ्यातून उतरत नाही. आळीतल्या बायका आलेल्या, आणि मधोमध आत्याबाई, लुगडं वर खोचून. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एरवी ताकाचा थेंब सांडला तर हातातलं काम टाकून पुसणारी ही बाई कोपरापर्यंत चिकानं माखली होती. कपाळावर चीक, केसांत चीक, नथीवर चीक. मनगटाला एक झोका दिला की धोतरावर कुरडई, दुसरा झोका की दुसरी. एकीसारखी दुसरी नाही आणि सगळ्या देखण्या. शेजारच्या काकू मात्र एकेक वेढा जपून, गोल गोल बसवत होत्या. त्यांच्या सोऱ्यातला चीक केव्हाच आखडला.

"नक्षी काढून राह्यली का वं?" आत्याबाई ओरडल्या. "थंडा झाला तुझा चीक!"

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, अंगभर लागलाय हो तुम्हाला."

"मंग? हाताले लागल्याबिगर कुरडई काय आभाळातून पडते?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या कानात बसलं.

आणि मग वावटळ आली. वैशाखात आमच्याकडे दुपारी अशी एखादी गिरकी येतेच. कोपऱ्यावरून धूळ उठली, पाचोळा गरगर फिरला, आणि "आली वं, आली!" म्हणत सगळ्या जणी पदर पसरून कुरडयांवर ओणव्या झाल्या. मीही झाले. घरची सून आधी कुरडया वाचवते. तळं वाचवायला कुणीही धावलं नाही.

गिरकी निघून गेल्यावर पाहिलं, तर स्टूल आडवं आणि चित्र पालथं. पालथं पडलं तेही चीक गाळून उरलेला गव्हाचा कोंडा वाळत घातला होता त्यावर. मी ते उचललं. तळ्यावर कोंडा, लाल छपरावर कोंडा, बर्फात लिंबाचा मोहोर, आणि एका हंसाची मान कुठच्या कुठे पुसून गेलेली.

आत्याबाई चिकाचे हात तसेच वर धरून जवळ आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "तळं आटलं वं."

बायका फिसकन हसल्या. मला रडू फुटणार होतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे माहेरी सगळ्यांना माहीत होतं, सासरी अजून कळायचं होतं. काहीतरी बोलणार तेवढ्यात माझी नजर पुन्हा चित्रावर गेली. तळ्याच्या काठाच्या पिवळ्या रंगात कोंडा रुतला होता, त्यावर ऊन पडलं होतं, आणि ती जमीन झाली होती. आमच्या अंगणाची, वैशाखातली, पाय पोळणारी जमीन. महिनाभर पिवळ्यात तांबूस कालवून जे मला साधलं नव्हतं ते पालथं पडून झालं होतं.

मी धावत ओसरीवर गेले आणि पेटी घेऊन आले. बारदान नाही, कागद नाही, चौकटी नाहीत. नळ्या थेट कापडावर पिळल्या. कुंचल्याचं टोक कोंड्यात अडायला लागलं तेव्हा चुलीपाशी पडलेलं उलथनं घेतलं आणि त्यानं रंग ओढला. बर्फाचा डोंगर आडवा पसरला आणि बाजेवरचं धोतर झालं. हंसांच्या कुरडया झाल्या. तळ्याची निळाई लुगड्यांत वाटून टाकली. आणि मधोमध हात उंच करून उभ्या आत्याबाई. त्यांना मी बोटांनी काढलं, कारण दुसरं काही हाती घ्यायला वेळच नव्हता. बायका भोवती गोळा झाल्या.

"मले जाडी नको करू वं!"

"माही नथ काढ! नथ काढली का?"

"हे कोन? हे मी? नाक तं पाह्य माहं, भोपळा!"

चिकाची बोटं चित्राला लागत होती, माझ्या कोपराला धक्के बसत होते, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. लग्न झाल्यापासून मी त्या घरात इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. जांभई कुठल्या कुठे गेली. वाटलं, हेच ते. हेच होतं त्या पेटीत.

चुलीवरचा चीक संपला तेव्हा माझं चित्रही संपलं. मागे सरून बघावं म्हणून पाऊल उचललं आणि खाली नजर गेली. निळ्या रंगाची नळी माझ्याच टाचेखाली आली होती. तेलाची वाटी, चिंध्या असं काहीबाही आणायला अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, मी जितक्या वेळा धावले तितकी निळी पावलं ताज्या सारवणावर उमटली होती. लक्ष्मीची पावलं काढावीत तशी, फक्त निळी.

हसणं थांबलं. वांग्यांची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती. आणि तेवढ्यात रस्त्यावरून मामंजींचं खाकरणं ऐकू आलं. मळ्यातून जेवायला यायची त्यांची वेळ झाली होती. मी पेटी बंद केली आणि आत्याबाईंच्या पुढे धरली. पेटी कशासाठी हवी ते कळलं, आणि त्याच दिवशी ती जाणार होती.

आत्याबाईंनी पेटी घेतली नाही. त्यांनी पावलांकडे पाहिलं, मग चित्राकडे. चित्राकडे जरा जास्तच वेळ.

"मी इतली हासते का वं?"

"याच्याहून जादा," शेजारच्या काकू म्हणाल्या.

आत्याबाई वळल्या, गोठ्यात गेल्या, शेणाचा गोळा घेऊन आल्या, आणि त्याच चिकाच्या हातांनी, भर उन्हात, ओसरीवर बसून सपासप हात फिरवायला लागल्या. मामंजी दारात येईपर्यंत ओसरी ओली हिरवी झाली होती आणि त्या अंगणातल्या शेवटच्या पावलापर्यंत पोचल्या होत्या.

"भर दुपारी काऊन सारवून राह्यली?" मामंजींनी विचारलं.

"वावटळीनं घान केली."

मामंजींनी माझ्या हातांकडे पाहिलं. ते मनगटापर्यंत रंगीत होते. "आन डाग-बिग?"

"डाग?" आत्याबाई कंबरेवर शेणाचा हात ठेवून उभ्या राहिल्या. "कुठं हाये डाग? दाखवा."

आळीतल्या साऱ्या बायका आभाळाकडे बघत होत्या. मामंजींनी ओसरीभर नजर फिरवली, अंगणभर फिरवली. "नाई दिसत," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

ते चित्र पुढच्या थंडीपर्यंत ओलंच होतं. वाळलं तेव्हा कोंड्यासकट वाळलं आणि ओसरीवर लागलं. हे म्हणाले, "हे कॅलेंडरासारखं नाही." मी म्हटलं, नाहीच. वडील आले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून पुष्कळ वेळ त्याच्यापाशी उभे राहिले. "रेषेबाहेर गेलंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "जाऊ दे." निघताना, कुणी बघत नाही असं समजून, त्यांनी कोंड्यावरून बोट फिरवलं.

त्यानंतर मी तशीच रंगवत राहिले. ओसरीच्या त्याच कोपऱ्यात, हातांनी, चिंधीनं, उलथन्यानं. मळ्यातली वांगी काढली, बैलबाजार काढला, सायकलीवरून घामाघूम आलेले हे काढले. पोरं झाली, ती मांडीवर असतानाही एका हातानं रंगवलं. पेटी माळ्यावर कधीच गेली नाही. आत्याबाईंचा नियम मात्र कायम होता, आणि तो मी पाळला याचा मला केवढा अभिमान. येईल त्याला सांगायची : त्या दिवसानंतर इतक्या वर्षांत आमच्या ओसरीवर एक ठिपका पडू दिला नाही मी. चित्र काढताना मला खाली बघायची शुद्ध नसायची, तरीसुद्धा नाही!

एकच गोष्ट मनाला लागायची. त्या उन्हाळ्यापासून ओसरीचा तो कोपरा आत्याबाईंनी मला कधी सारवू दिला नाही. बाकी सारं घर माझ्याकडे, पण तो कोपरा त्यांचा. "तुले नाई जमत," त्या म्हणायच्या, "हात जड हाये तुझा. राहू दे, मीच करते." गुडघे धरले तरी पहाटे, मामंजी उठायच्या आत, त्या भिंतीला धरून खाली बसायच्या आणि तेवढा कोपरा सारवायच्या. मी ह्यांच्याजवळ कुरकुर करायची. जिच्या हाताला चित्र जमतं तिच्या हाताला शेण जमत नाही, हे कुठलं बोलणं? हे हसायचे आणि सायकलीला तेल घालायला जायचे.

मग थोरल्याचं लग्न ठरलं आणि ओसरीला फरशी बसवायची असं घरात ठरलं. गवंडी आला. त्यानं कोपऱ्यापासूनच सुरुवात केली, पहार घातली आणि वर्षानुवर्षांचं सारवण पापुद्र्यांनी सुटायला लागलं. आत्याबाई बाजेवर बसून बघत होत्या, मामंजी पलीकडे खुर्चीत. त्यांना आताशा कमी दिसायचं.

"बाई," गवंडी म्हणाला, "इथं आधी काय होतं?"

मी जवळ गेले. ढेकूळ त्यानं माझ्या हातात दिलं. एक थर शेणाचा, त्याखाली तांबडे ठिपके. एक थर शेणाचा, त्याखाली पिवळा ओघळ. पुन्हा शेण, पुन्हा हिरवा. थरावर थर, सगळ्या वर्षांचे, मी रंगवलेल्या प्रत्येक चित्राचे. आणि अगदी तळाशी निळा. दुसरं ढेकूळ उचललं, तेही तसंच. त्या कोपऱ्यात रंग नाही असा एक थर मला सापडला नाही.

मी ते ढेकूळ हातात घेऊन आत्याबाईंकडे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे पाहिलं, आणि डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं.

"काय निघालं वं तिथं?" मामंजींनी विचारलं.

"काई नाई," आत्याबाई म्हणाल्या. "जुनं सारवन हाये. तुमी च्या घ्या, थंडा होऊन राह्यला."